जायकवाडीची आवर्तनं जेनेटिक अल्गोरिदमने ठरवताना तूट शून्य येते, ती खरी मानायची का?

परभणीकर:
एम.टेक.ला जायकवाडीच्या पाणीवाटपावर काम करतोय. धरणात आलेल्या पाण्याची जुनी आवक घेऊन दर महिन्याचा विसर्ग जेनेटिक अल्गोरिदमने काढला (चांगली उत्तरं निवडून, त्यांची सरमिसळ करत आणखी चांगलं उत्तर शोधणारी पद्धत). तूट, म्हणजे मागणीपेक्षा कमी पडलेलं पाणी, जवळपास शून्य! पण आमचं रान मानवतकडे टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडे आहे. रब्बीची दुसरी पाळी तिथं कशीबशी येते हे लहानपणापासून बघतोय, त्यामुळे हे उत्तर पटत नाही.

गोदाकाठ:
न पटणंच बरोबर आहे. तुमचा प्रोग्रॅम पुढच्या पावसाळ्याची आवक आधीच बघून पाणी सोडतोय. १५ ऑक्टोबरला धरणावर बसलेल्या माणसाला ती दिसत नसते. विसर्गाचे आकडे शोधू नका, नियम शोधा: उपयुक्त साठा किती खाली गेला की उन्हाळी आवर्तन बंद, किती खाली गेला की रब्बीची पाळी कमी, पिण्यासाठी किती राखून ठेवायचं. एवढे मोजके उंबरठे म्हणजे एक संच. असे शेकडो संच घेऊन प्रत्येक संच सगळ्या वर्षांवर चालवा, सरस ठरलेल्यांची सरमिसळ करा, थोडा फेरफार करा, पुन्हा चालवा. ऑलिव्हेरा आणि लाउक्स यांनी १९९७ मध्ये अनेक धरणांच्या संचालनाचे नियम असेच शोधले होते. २०१५ सारखं कोरडं साल मात्र शोधातून बाजूला ठेवा, चाचणीलाच वापरा.

बाष्पीभवन धरलंय ना? नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आणि पसरट आहे. पुढच्या सालासाठी पाणी राखलं की त्यातलं बरंच ऊनच पितं.

जुना कालवेवाला, पाथरी:
बाळा, महिन्याला इतके दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणून कालवा चालत नाही. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. कमी विसर्गाने महिनाभर चालवलास तर निम्मं पाणी वाटेतच मुरतं, आणि कालव्यातली पातळी चारीच्या (शेताकडे जाणाऱ्या फाट्याच्या) दाराच्या उंबऱ्याला लागतच नाही. दार सताड उघडं असून चारी कोरडी! तेवढंच पाणी भरल्या कालव्याने थोडे दिवस सोडलं तर टेलला पोचतं. किमान विसर्ग आणि दिवस, दोन्ही प्रोग्रॅममध्ये घाल.

परभणीकर:
काका, हे गाईडनाही दाखवतो. टेलची तूट एकूण तुटीत मिसळली तर दबून जाईल ना?

गोदाकाठ:
दबेलच. ती वेगळं उद्दिष्ट म्हणून ठेवा आणि एनएसजीए-२ वापरा, म्हणजे एकाच वेळी अनेक उद्दिष्टं धरणारा जेनेटिक अल्गोरिदम. देब आणि सहकाऱ्यांची ही पद्धत २००२ ची आहे. एकच उत्तर येणार नाही, पर्यायांची रांग येईल: टेलला इतकं दिलं तर हेडचं, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीकडचं, किती कमी होतं. कालवा सल्लागार समितीपुढे ती रांगच ठेवता येते.