मदत हवी आहे : साहित्य अकादमी पुरस्कार आणि मराठी कथा-कादंबरी

सप्रेम नमस्कार. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त मराठी कथा-कादंबऱ्यांवर टिपण लिहीत आहे. हे पुरस्कार १९५५ पासून दिले जात असले, तरी मराठी कादंबरीला पहिला मान १९६० साली ‘ययाति’मुळे मिळाला; पुढे १९६३ मध्ये ‘रथचक्र’ आणि लगेच १९६४ मध्ये ‘स्वामी’ या कादंबऱ्यांची निवड झाली. कथासंग्रहांच्या वाट्याला हा सन्मान त्या मानाने कमी वेळा आला, म्हणूनच २०१६ साली आमच्याच जिल्ह्यातील आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला तो मिळाला, याचे मोल मला फार वाटते. ‘आलोक’वरील त्या काळची परीक्षणे, तसेच १९७३ चा पुरस्कार मिळालेल्या जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ या कथासंग्रहासंबंधीचे जुने लेख कोणाच्या संग्रही असल्यास, किंवा मराठवाड्यातील कोणत्या ग्रंथालयात पाहावयास मिळतील हे ठाऊक असल्यास, कृपया कळवावे.