मदत हवी आहे: एनएफएल ड्राफ्टमध्ये वर निवडलेले क्वार्टरबॅक खरंच चांगले निघतात का, हे मोजायचं कसं?

स्टॅट्स येणाऱ्यांनी प्लीज बघा. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, ड्राफ्ट म्हणजे तिथल्या टीम क्रमाने नवे खेळाडू निवडतात ते, आणि क्वार्टरबॅक म्हणजे बॉल थ्रो करणारा मुख्य खेळाडू. मी 1998 ते 2017 च्या ड्राफ्टमधले सगळे क्वार्टरबॅक एक्सेलमध्ये घेतलेत, पिक नंबर (कितव्या क्रमाने निवडला) आणि करिअरचे आकडे असे. नुसती उदाहरणं देऊन काही सिद्ध होत नाही हे कळतंय, कारण 1998 ला पहिला पिक पेटन मॅनिंग आणि लगेच दुसरा रायन लीफ, म्हणजे एक दिग्गज आणि एक पार फसलेला, आणि 2000 मध्ये टॉम ब्रेडी 199 वा होता तरी 7 सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला.

एकूण यार्ड (थ्रोने मिळवलेलं अंतर) आणि टचडाऊन (गोलसारखा स्कोअर) लावून बघितले तर वरचे पिक सरळ पुढे जातात, पण त्यांना संधीच जास्त मिळते ना, टीमने पैसा ओतलेला असतो त्यामुळे वाईट खेळले तरी लगेच बसवत नाहीत. म्हणून मग प्रति थ्रो यार्ड काढले आणि किमान 500 थ्रोची अट घातली, तर फरक बराच कमी झाला. पण इथेच अडलंय. सहाव्या-सातव्या राऊंडचे, म्हणजे अगदी शेवटी निवडलेले, बहुतेक जण 500 पर्यंत पोचतच नाहीत, जे पोचतात ते मुळात चांगले म्हणूनच, मग ही तुलना बरोबर कशी म्हणायची?

आर (R, स्टॅट्सची प्रोग्रामिंग भाषा) थोडंफार येतं, विकतचा डेटा मात्र नकोय. जे फारसे खेळलेच नाहीत त्यांना हिशोबात धरायची योग्य पद्धत कोणती?