मदत हवी आहे: वाचता येतं, पण ऐकलेलं मराठी कळत नाही

कानामात्रा:
हिंदीभाषक बँक कर्मचाऱ्यांचा मराठी वर्ग आहे. ८ जण, आठवड्यातून दोनदा तासभर. लिपी येतेच, त्यामुळे धडा धडाधड वाचतात. पण रेडिओच्या ३ मिनिटांच्या बातम्या लावल्या की चेहरे कोरे. काउंटरवरचा ग्राहकही कळत नाही. जास्त ऐकवायचं की आधी शब्दसंग्रह वाढवायचा?

पायमोडका:
आधी बातम्या बंद करा. ते लेखी मराठीच, फक्त मोठ्याने वाचलेलं. पुस्तकात 'पैसे काढले आहेत' असतं, ग्राहक म्हणतो 'काढलेत'. 'खातं बंद झालं आहे'चं 'झालंय', 'चालला आहेस'चं 'चाललायस'. 'आहे' क्रियापदात विरघळतं, शिकणारा ते शोधत बसतो, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात.

४०-५० सेकंदांचा संवाद घ्या, फोनवर रेकॉर्ड केलेला चालेल. लावण्याआधी प्रसंग आणि एकच प्रश्न सांगा: 'ग्राहकाची तक्रार काय?' पहिल्यांदा ऐकताना कागद-पेन नाही. दुसऱ्यांदा रक्कम, तारीख टिपायची ('एकोणसाठ' ऐकून कुणीतरी ६० लिहिणारच). तिसऱ्यांदा संहिता द्या, पण 'झालंय', 'काढलेत' अशा ६-७ जागा गाळून. संहिता आधीच वाटलीत तर ऐकण्याचा तास पुन्हा वाचनाचाच होतो. अडलेलं वाक्य तेवढंच चार-पाच वेळा लावा. स्वतः हळू म्हणून दाखवू नका. हळू म्हटलं की 'झालंय'चं पुन्हा 'झालं आहे' होतं.

वेलांटी:
वर +१. पण वाचन तरी येतंय का? धडाधड वाचणं हा नुसता उच्चार झाला. 'पावसात', 'रस्त्यावर' कोशात सापडत नाहीत. पाऊस, रस्ता हे मूळ रूप ओळखता आलं पाहिजे. १०० शब्दांचा उतारा मनात वाचायला द्या आणि अशा शब्दांची मूळ रूपं समासात लिहून घ्या. ओळखीचे वाटणारे शब्द जास्त घातक. 'त्याला शिक्षा झाली' वाचून त्याचं शिक्षण झालं असं समजतात, कुठे अडतही नाहीत, मग चूक लक्षात कशी येणार?

कानामात्रा:
धन्यवाद! च-ज-झ चे दोन-दोन उच्चार आत्ताच घ्यायचे का?

पायमोडका:
बोलण्याच्या तासाला घ्या. जगातला 'जग' की जगण्यातला, हे ऐकताना वाक्यावरून कळतं. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ वेगळा लागतो, एवढं मात्र आत्ताच ऐकवा. नाहीतर 'माझा चेक'मध्ये त्यांना हिंदीतला 'मज़ा' ऐकू येतो.