'द आर्चर्स'ने शेतात परत जावं की नाही?

बांधावरचा
बीबीसी रेडिओ ४ वरची 'द आर्चर्स' ही मालिका १ जानेवारी १९५१ ला देशभर सुरू झाली आणि अजून चालू आहे. लेस्टरला राहायला आल्यापासून मी ती ऐकतोय. माझं स्पष्ट मत आहे की ही मालिका शेतकऱ्यांसाठी जन्मली आणि तिने पुन्हा शेतात जायला हवं. दुसरं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनमधलं रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ उजाडलं. धान्य, दूध वाढवायचं तर नव्या पद्धती लहान शेतकऱ्याच्या कानावर घालायला हव्या होत्या. त्यासाठी मालिकेचे जनक गॉडफ्री बेझली यांनी अँब्रिज हे काल्पनिक गाव उभं केलं. १९७२ पर्यंत कृषी मंत्रालयाचा सल्लाही असायचा.
२००१ साली लाळ्या-खुरकूत पसरली तेव्हा मालिकेतल्या ब्रुकफील्ड या शेतावरच्या कुटुंबाने फाटक लावून स्वतःला आत कोंडून घेतलं. खऱ्या शेतांवर तेव्हा हेच चाललं होतं. आता लफडी, घटस्फोट आणि कोर्टकचेऱ्या! तेवढ्यासाठी टीव्हीवर मालिका कमी आहेत का?

रेवती_ब्रिस्टल
दादा, अजिबात पटलं नाही. तुम्ही 'कोर्टकचेऱ्या' म्हणून जे झटकून टाकलंत, ती मालिकेतल्या हेलन आणि तिचा नवरा रॉब यांची गोष्ट आहे. रॉब तिच्या कपड्यांवर बोट ठेवतो, तिचं गाडी चालवणं बंद पाडतो, तिला माणसांतून तोडतो आणि तिच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय हे तिलाच पटवून देतो. गाव मात्र त्याला गुणाचा जावई समजतं. दोन वर्षांहून अधिक काळ हे रोज थोडं थोडं ऐकू येत होतं. रेडिओवर चेहरा दिसत नाही, नुसता त्याचा गोड आवाज कानात उतरतो, म्हणून ते जास्त अंगावर येतं. असा छळ इंग्लंड-वेल्समध्ये गुन्हा ठरला तो डिसेंबर २०१५ मध्ये. एप्रिल २०१६ मध्ये हेलनने त्याच्यावर सुरी चालवली आणि सप्टेंबरमध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. श्रोत्यांनी घरगुती छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या 'रेफ्यूज' या संस्थेसाठी एक लाख पौंडांच्या वर निधी जमवला. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या आपल्या मुलींनाही हे ऐकायला मिळायला हवं.

जुना_ट्रान्झिस्टर
रेवतीताईंना दुजोरा. २२ सप्टेंबर १९५५ च्या संध्याकाळी आयटीव्ही ही बीबीसीची प्रतिस्पर्धी टीव्ही वाहिनी सुरू झाली आणि नेमक्या त्याच दिवशी मालिकेतली ग्रेस आर्चर मरण पावली. म्हणजे असं नाट्य तेव्हाही होतं. तेव्हा तर कृषी मंत्रालय सोबत होतं!

बांधावरचा
ग्रेस गेली ती तबेल्याला लागलेल्या आगीत, घोड्याला वाचवताना. मला असंच नाट्य हवंय, मातीतून आलेलं. मेंढी विते तो आवाज ही मंडळी ओला टॉवेल आणि दह्याने काढतात. स्टुडिओत इस्त्रीचं टेबल करकरलं की आपल्याला शेताचं फाटक उघडल्यासारखं वाटतं. एवढी हातोटी असलेल्या लोकांनी स्वयंपाकघरातल्या भांडणात का अडकावं? मालिकेतल्या अ‍ॅडम या शेतकऱ्याने नांगरणी न करता पेरणी करायचं ठरवलं, तेव्हा घरातच केवढा विरोध झाला. तो विषय आणखी खोलात न्यायला हवा होता.

हिरवा_कंदील
मला दोन्ही चालतं. पण मालिकेतल्या उषा गुप्ताबद्दल कुणीच बोललं नाही. १९९१ पासून मालिकेत असलेली भारतीय वंशाची वकील बाई, वर्णद्वेषी हल्ले सोसलेली, आणि २००८ मध्ये तिचं लग्न गावच्या पाद्र्याशी झालं. नुसत्या शेतीवर राहिलो असतो तर ती आलीच नसती.

रेवती_ब्रिस्टल
बांधावरचे दादा, रॉब अँब्रिजमध्ये कशासाठी आला ते आठवा. शेकडो गाई कायम गोठ्यात ठेवणाऱ्या अवाढव्य डेअरीचा व्यवस्थापक म्हणून! हेलन सेंद्रिय शेती करणाऱ्या घरातली, स्वतः चीज बनवणारी. डेअरीवरून गावात भांडणं पेटली होती आणि त्यातच या दोघांचं जमलं. यातली शेती कुठली आणि घर कुठलं, हे तुम्ही वेगळं कसं काढणार ते सांगा.