मदत हवी आहे: शून्य ते शंभरवाला प्रश्न गावात चालेना, शुक्रवारी द्यायचाय

मांजराकाठची (मंगळवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते. निवडणुकीनंतरच्या एका सर्व्हेत घालायला प्रश्न सुचवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपतीय आणि माझा शून्य ते शंभरवाला प्रश्न गावात चालेनाच झालाय. दोन गावांत जाऊन विचारून बघितला, लोकं एकतर हसायलेत नाहीतर तोंडाला येईल तो आकडा सांगायलेत. एक आजोबा ज्या पुढाऱ्याला पंधरा मिनिटं शिव्या घालत होते त्यालाच शंभर देऊन मोकळे झाले. गाईड सर फोन उचलत नाहीत, उचलला की म्हणतात "बघू". मला फक्त एवढंच सांगा की हा प्रश्न मराठीत कसा विचारायचा. आणि प्लीज "विषय बदल" असले सल्ले नकोत, ते घरचे देतायतच.

जुना_प्रगणक (मंगळवार, रात्री ९:५५)
ताई, कुठला सर्व्हे, कोणत्या निवडणुकीचा, अन् मुख्य म्हणजे प्रश्न काय आहे? शून्य ते शंभर काय मोजायचंय, वजन का वय?

आकडेमोड (मंगळवार, रात्री १०:०५)
आधी सॅम्पल किती ते सांगा. ४०० लोकं घेतली तर पाच टक्के इकडंतिकडं होणारच, हजाराला तीनवर येतं, अडीच हजाराच्या आसपास दोन, त्याच्यापुढं माणसं वाढवण्यात पैसाच जातो. आणि हे गणित रँडम निवडलेल्यांचं आहे, पारावर बसलेल्यांचं नाही. १९३६ ला अमेरिकेत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं १ कोटी पत्रिका धाडल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि छापून मोकळे की रूझवेल्टला पाडून लँडन येणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकला. पत्ते काढले होते फोनवाल्यांचे अन् गाडीवाल्यांचे, मंदीच्या काळात. गॅलप नावाच्या सर्व्हेवाल्यानं त्याच्या मानानं मूठभर माणसं विचारून बरोबर सांगितलं. त्यामुळं मतदारयादी घ्या, ठराविक अंतरानं नावं उचला, आणि त्याच माणसाच्या दारात जा, शेजाऱ्याला धरू नका.

जुना_प्रगणक (मंगळवार, रात्री १०:१५)
@आकडेमोड यादीतल्या माणसाच्या दारात जा म्हणणं सोपंय. केज, धारूर, वडवणी पट्ट्यात दिवाळीनंतर जाऊन बघा एकदा. कोयता ऊसतोडीला गेलेला असतो, घराला कुलूप, दारात म्हातारी आणि दोन शेळ्या. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, तवा मुकादमांनी गाड्या करून माणसं मतदानाला आणली अन् दुसऱ्या दिवशी परत नेली. निवडणुकीनंतरचा सर्व्हे घेऊन तुम्ही आठ दिवसांनी जाणार, भेटणार कोण? म्हातारीच.

मांजराकाठची (मंगळवार, रात्री १०:४०)
अहो सॅम्पल मी विचारलंच नाही, सॅम्पल त्यांचं ते बघणारेत!! निवडणुकीनंतरचा सर्व्हे आहे, तीन-चार ठिकाणची प्राध्यापक मंडळी मिळून करायलेत आणि बाहेरच्या अभ्यासकांनी पण प्रश्न सुचवावेत म्हणालेत, प्रत्येकी दोन. प्रश्नाचे शब्द, तो का हवा, आणि कुठं तपासून बघितला का, एवढं लिहून द्यायचं. माझा एक प्रश्न झालाय. दुसरा नेत्याबद्दलच्या भावनेचा, तो थर्मामीटरवाला, सगळ्यांना माहितीय तो.

बालाघाटी (मंगळवार, रात्री ११:०२)
सगळ्यांना माहितीय म्हणे. आमच्या गावात थर्मामीटर फक्त नर्सबाईकडं आहे.
आणि हे सर्व्हे म्हणजे निव्वळ थापा असतात. २०२४ ला बीड लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांवर लागला, एवढ्या लाखांच्या मतदारसंघात. कोणता मायचा लाल हे आधी सांगणार होता? टीव्हीवर बसून आकडे फेकायचे अन् निकालादिवशी दुसऱ्याच चॅनलवर जाऊन बसायचं.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ७:१०)
बालाघाटी, तुम्ही एक्झिट पोलवर चिडलायत, ताई त्याबद्दल बोलतच नाहीयेत. त्याच्यासाठी कायद्यात १२६ अ कलम आहे, शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत दाखवता येत नाही वगैरे. हा अभ्यासाचा सर्व्हे. कोण जिंकणार हे विचारतच नाहीत, लोकांनी असं मत का दिलं ते शोधतात, आणि निकाल लागून गेल्यावरही वर्षानुवर्षं तो डेटा कामाला येतो. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतली लोकनीतीची मंडळी १९९० च्या दशकापासून दर लोकसभेला करतात. अमेरिकेत नॅशनल इलेक्शन स्टडीज १९४८ पासून चालू आहे, मिशिगन विद्यापीठात, आता स्टॅनफर्ड पण सोबत आहे. तिथं सुद्धा अभ्यासकांकडून प्रश्नांचे प्रस्ताव मागवतात, काही आधी छोट्या चाचणीत घालून बघतात. भांडणं होतात, कारण मुलाखत काही रबर नाही, नवा प्रश्न आत आला की कुणाचातरी जुना बाहेर जातो.

थर्मामीटरवाला प्रश्न तिथलाच, १९६४ पासून आहे. पन्नास म्हणजे काहीच भावना नाही, वर गेलं की आपुलकी, खाली गेलं की नावड. समोरच्याच्या हातात कार्ड देतात, त्यावर ८५, ७०, ६० असे टप्पे आणि प्रत्येकाचा अर्थ लिहिलेला असतो. ताई, तुम्ही कार्ड दिलं होतं का? आणि विचारलेलं वाक्य जसंच्या तसं इथं टाका बरं.

मांजराकाठची (बुधवार, सकाळी ८:२५)
कार्ड नव्हतं. वाक्य हे: "अमुक नेत्याबद्दल तुमच्या भावना किती उबदार किंवा थंड आहेत ते शून्य ते शंभर अंशांत सांगा. शंभर म्हणजे अतिशय उबदार, शून्य म्हणजे अतिशय थंड, पन्नास म्हणजे ना उबदार ना थंड." लोकांना उबदार कळेना म्हणून दुसऱ्या गावात मी "गरम" म्हणाले. यात चूक काय आहे? भाषांतर दोघांकडून तपासून घेतलंय.

जुना_प्रगणक (बुधवार, सकाळी ८:३१)
अगं माय! चहा सांडला माझा.
ताई, आपल्याकडं माणूस गरम झाला म्हणजे भडकला. जीव थंडगार झाला म्हणजे समाधान झालं. मे महिन्यात लातुरात पत्र्याखाली बसलेल्या माणसाला तुम्ही विचारायलात की पुढाऱ्याबद्दल ऊब वाटते का. जिथं आठ महिने बर्फ असतंय तिथं ऊब चांगली, आपण माठाच्या पाण्यावर जगणारी माणसं. तुमच्या आजोबांनी शंभर टक्के खरं उत्तर दिलं, डोकं लई गरम आहे म्हणून शंभर.

बालाघाटी (बुधवार, सकाळी ८:४०)
😂😂 अंशांत सांगा म्हणे. "बेचाळीस अंश, विदर्भात त्याहून जास्त."

मांजराकाठची (बुधवार, सकाळी ९:१५)
पाच मिनिटं मोबाईल पालथा ठेवून बसले होते. म्हणजे माझे सगळे आकडे उलटे आलेत का?

आकडेमोड (बुधवार, सकाळी ९:२०)
सोपंय. शंभरातून वजा करा, सुलटे होतील.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ९:४४)
अजिबात करू नका!! काहींनी गरम म्हणजे राग धरला असेल, शिकल्यासवरल्यांनी पुस्तकी अर्थ धरला असेल, काहींनी नुसता आकडा फेकला. कोण उलटं समजलं अन् कोण सुलटं हे आता कुणालाच कळणार नाही. ते कागद बाजूला ठेवा. पण फॉर्ममध्ये हा किस्सा जरूर लिहा, "प्रश्न तपासला का" याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

सोयाबीन_५०किलो (बुधवार, सकाळी १०:३०)
मार्क द्या म्हणा की सरळ. शंभरपैकी किती मार्क. शाळा सगळ्यांनी बघितलीय.

जुना_प्रगणक (बुधवार, सकाळी १०:५०)
मास्तर होतो मी तीस वर्षं, ऐका. आपल्याकडं ३५ ला पास. पन्नास मार्क म्हणजे माणूस बऱ्यापैकी बरा. तिकडच्या प्रश्नात पन्नास म्हणजे कोरा. जोडायचं कसं? अन् शेतकऱ्याला शंभरातलं विचारलं की तो पैसेवारीवर जातोय, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज पैशांत लावतात त्यावर, पन्नाशीच्या आत म्हणजे दुष्काळ. तीन माणसं तीन पट्ट्या.

सोयाबीन_५०किलो (बुधवार, सकाळी ११:०५)
पैसेवारीचं नावच काढू नका. आमच्या मंडळाची बांधावर न जाताच लावतेत. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ अन् मोंढ्यात चार हजाराला मारामार. सर्व्हेच करायचाय तर पहिला प्रश्न हाच घाला, भाव मिळाला का. मग विचारा कोण नेता कसा वाटतो, बघा काय उत्तरं येतात ते.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ११:३०)
तुम्ही रागानं बोललात पण मुद्दा खरा आहे. भावाचा प्रश्न आधी विचारला की नेत्याचे आकडे खाली जाण्याची भीती असतेच, माणूस त्याच तारेत उत्तर देतो. म्हणून प्रश्नाच्या शब्दांइतकीच त्याची जागा महत्त्वाची. ताई, तुमचा प्रश्न सुरुवातीला घ्यावा, भाव-पाणी-नोकरीच्या आधी, असं कारणासहित लिहा.

आकडेमोड (बुधवार, दुपारी १२:१०)
मला एक कळत नाही. शून्य ते शंभर बदललं तर बाहेरच्या डेटाशी तुलना कशी करणार? साठ वर्षं तेच शब्द ठेवलेत म्हणून तर त्या आकड्यांना किंमत आहे. प्रत्येकजण आपल्या गावापुरती पट्टी करायला लागला तर संपलंच.

गोदाकाठ (बुधवार, दुपारी १२:२५)
न कळलेल्या प्रश्नाची तुलना करून काय मिळवायचंय? शब्द तेच असून अर्थ उलटा झालाय इथं.

आकडेमोड (बुधवार, दुपारी १२:३१)
मग पाच पर्याय द्या, खूप आवडतो ते अजिबात आवडत नाही.

गोदाकाठ (बुधवार, दुपारी १२:४०)
आणि सगळे म्हणतील "ठीक आहे". अनोळखी पोरगी वही घेऊन दारात उभी, शेजारी सरपंचाचा पुतण्या. कोण म्हणणार अजिबात आवडत नाही?

हिंगोलीकर_अक्का (बुधवार, दुपारी २:१५)
मी दोन निवडणुकांना असल्या सर्व्हेचं काम केलंय म्हणून लिहायलेय. बाईला प्रश्न विचारला की उत्तर दारातला पुरुष देतो. "तिला काय कळतंय, मला विचारा." तोंडी आकडा मागितला की हे होणारच. मत कुणाला दिलं हे तर आम्ही तोंडी विचारतच नव्हतो. चिन्हांची नकली मतपत्रिका हातात द्यायची, आम्ही तोंड फिरवायचं, बाईनं खूण करून घडी घालून डब्यात टाकायची. लोकनीतीवाले पण तसंच करतात. तसंच काहीतरी हाताला द्या. मी एकदा गंमत म्हणून दहा ज्वारीचे दाणे अन् दोन वाट्या घेऊन बसले होते. एक वाटी आवडीची, एक नावडीची. दहाच्या दहा दाणे वाटून टाकायचे. पाच-पाच पडले की समजायचं कोरं. आकडा बोलायला लागत नाही, मार्क नाही, पैसेवारी नाही.

आकडेमोड (बुधवार, दुपारी २:३०)
दहा दाण्यांत शंभराचा बारकावा येत नाही.

हिंगोलीकर_अक्का (बुधवार, दुपारी २:३४)
शंभरात तरी कुठं येतो भाऊ, लोकं पन्नास, सत्तर, शंभर असेच गोल आकडे सांगतेत. ७३ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तेरणेचा_पाहुणा (बुधवार, दुपारी ३:५०)
अवांतर: सर्व्हेत मतदारसंघाचं नाव धाराशिव लिहिणार का उस्मानाबाद? जिल्ह्याचं बदललं पण २०२४ ला लोकसभेचा मतदारसंघ उस्मानाबादच होता.

बालाघाटी (बुधवार, दुपारी ४:०२)
झालं, आता दोनशे प्रतिसाद पक्के.

मांजराकाठची (गुरुवार, रात्री ८:२०)
अपडेट. आज केजजवळ मावशीच्या गावात जाऊन दोन स्टीलच्या वाट्या अन् दहा दाणे घेऊन बसले. अक्का, तुमचे पाय धरते. एक बाई, नवरा मधेच बोलायला लागला तर त्याच्याकडं न बघता दाणे टाकत होती. आवडीच्या वाटीत सात टाकले, जरा थांबली, मग त्यातले दोन उचलून पलीकडं टाकले आणि म्हणाली "हे गॅसच्या टाकीचे." मी काही विचारलंच नव्हतं. एक चुलते मात्र दाण्यांकडं बघून म्हणाले, पन्नाशीच्या आत आहे, दुष्काळ जाहीर करा त्याला. आणि नऊजणांनंतर कोंबडी आली, तिनं दोन दाणे टिपले, दहाव्या माणसाला आठच उरले ते मला वाटीतले मोजताना कळलं.

आकडेमोड (गुरुवार, रात्री ८:२६)
याला मिसिंग डेटा म्हणतात.

हिंगोलीकर_अक्का (गुरुवार, रात्री ८:४०)
चिंचोके घे गं. कोंबडी शिवत नाही आणि म्हाताऱ्या बायकांच्या हाताला सवय असते. आणि मोजून दहा दे, प्रत्येकाच्या समोर मोज.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री ९:०५)
फॉर्ममध्ये तीन गोष्टी घाला: गरम-थंडचा घोळ, ३५ मार्क आणि ५० पैशांचा घोळ, आणि दोन वाट्या. आकडेमोड यांच्या समाधानासाठी लिहा की निम्म्या लोकांना शून्य ते शंभर कार्डासहित, पण ऊब काढून "आवडतो-नावडतो" शब्दांत विचारावं, निम्म्यांना चिंचोके, कोण कुठं जाणार हे चिठ्ठीनं ठरवावं. मग कळेल फरक पडतो का ते. प्राध्यापकांना हे आवडतं.

आकडेमोड (गुरुवार, रात्री ९:१२)
हे मान्य.

मांजराकाठची (शुक्रवार, दुपारी ४:४८)
पाठवलं!! बारा मिनिटं आधी. गाईड सरांचा आत्ता फोन आला, "बघू म्हणालो होतो, काय झालं त्याचं?" सगळ्यांचे मनापासून आभार, बालाघाटींचे पण.

जुना_प्रगणक (शुक्रवार, संध्याकाळी ५:१०)
चांगलं झालं ताई. पण कोणत्या निवडणुकीचा सर्व्हे ते मी मंगळवारी विचारलं होतं.