टॉकबॅक कोणालाही हाक न मारता चालू-बंद करता यावं म्हणून फोनात काय लावून ठेवावं?

पडवीकर:
घरात अँड्रॉइड फोन एकच आणि वापरणारे तीन-चार. आजोबांना अजिबात दिसत नाही, ते टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारी फोनातलीच सोय, लावून फोन वापरतात. फोन दुसऱ्याच्या हातात गेला की तो सेटिंग्जमध्ये जाऊन टॉकबॅक बंद करतो आणि परत लावायचं विसरतो. मग आजोबांच्या हातात नुसती गुळगुळीत काच. चतुर्थीला चाकरमानी आले की हा प्रकार दिवसातून चारदा होणार.

आजोबांना स्वतःला चालू आणि बंद दोन्ही करता येईल असा खात्रीचा मार्ग कोणता? आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरायची हे माहीत आहे, पण ते कधी चालतं, कधी नाही. गूगलला तोंडी सांगूनही होतं म्हणे. पण आम्ही देवगड तालुक्यात, रेंज खळ्यात येते, माजघरात नाही. बोलणं मराठीतून हवं.

खाडीपलीकडे:
बटणांचाच मार्ग धरा. त्याला रेंज लागत नाही, स्क्रीन बघावी लागत नाही, आणि चालू करायला जी खूण तीच बंद करायला. अँड्रॉइड ८ पासून ही सोय फोनातच आहे. "कधी चालतं, कधी नाही" याची कारणं ठरलेली असतात, एकेक काढून टाका.

आधी डोळस माणसाने एकदाच करायचं काम. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टॉकबॅक. काही कंपन्यांच्या फोनात ॲक्सेसिबिलिटी 'ॲडिशनल सेटिंग्ज'च्या पोटात असते. नाही सापडली तर सेटिंग्जच्या वर शोधायची पट्टी असते तिथे टॉकबॅक टाइप करा. टॉकबॅकच्या पानावर दोन गोष्टी दिसतील: एक टॉकबॅक चालू करण्याचा मुख्य स्विच, आणि दुसरी टॉकबॅक शॉर्टकटची ओळ. ही दुसरी ओळ उघडा आणि दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरण्याचा पर्याय निवडा. स्क्रीनवर तरंगणाऱ्या गोल बटणाचा पर्याय निवडलेला असेल तर काढून टाका. न दिसणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, आणि भलत्या जागी बोट पडायला ते एक निमित्त.

मग एक पाऊल मागे या आणि ॲक्सेसिबिलिटीमध्येच शॉर्टकटचं वेगळं पान असतं ते बघा. तिथे लॉक स्क्रीनवरून शॉर्टकट चालू द्यायचा की नाही असा एक स्विच असतो. तो बंद असेल तर फोन उघडा असताना बटणं चालतात आणि कुलूप पडलं की चालत नाहीत. तुमचं "कधी कधी" बहुधा इथेच आहे, कारण आजोबा फोन हातात घेतात तेव्हा तो कुलूपबंदच असणार.

दुसरं मोठं कारण याहून खोडसाळ आहे. व्हॉल्यूम बटणांच्या शॉर्टकटला टॉकबॅकबरोबर आणखी काही जोडलेलं असलं, समजा अक्षरं मोठी करणारं मॅग्निफिकेशन किंवा रंग उलटे करणारी सोय, तर बटणं दाबल्यावर टॉकबॅक चालू होतच नाही. "यातलं काय हवं?" अशी यादी स्क्रीनवर येते. ती वाचून दाखवणारा टॉकबॅक अजून बंदच असतो, त्यामुळे आजोबांना काहीच कळत नाही. पुन्हा पुन्हा बटणं दाबून काही उपयोग नाही. या शॉर्टकटला एकटा टॉकबॅकच ठेवा.

आता दाबायची रीत. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली पाहिजेत. एक जरा आधी दाबलं की फोनला वाटतं आवाज कमी-जास्त करायचाय. बऱ्याच फोनांत दोन बटणं म्हणजे एकच लांब पट्टी असते. तिच्या मधोमध अंगठा दाबला तर काही होत नाही. पट्टीची दोन टोकं दोन बोटांनी दाबायची, फोन दुसऱ्या हातात घट्ट धरून. एक, दोन, तीन असं सावकाश मोजायचं. चालू झालं की फोन तसं बोलून सांगतो, बहुतेक फोन थरथरतातही. मग सोडायचं.

आणि इथे घाई नको. जुन्या, भरलेल्या फोनात टॉकबॅक बोलायला दोन-चार सेकंद जास्त घेतं. तेवढ्यात "झालं नाही वाटतं" म्हणून परत दाबलं की जे चालू होत होतं तेच बंद होतं. दाबा, सोडा, दहा आकडे मोजा. तरीही गप्प असेल तरच परत दाबा.

आंबोळी_घावणे:
कित्याक घाबरतंस? बटणांचं वर सांगितलंय ते बरोबर. एक भर: कव्हर काढून बघा. जाड रबरी कव्हरात बटणांवर जो उंचवटा असतो तो एकाच बाजूला टेकतो आणि दुसरं बटण दाबलंच जात नाही. याच्या उलटही होतं. घट्ट कव्हर, वर खिशात किल्ल्या, आणि दोन्ही बटणं आपोआप दाबली जाऊन टॉकबॅक मध्येच बोलायला लागतं. बटणांच्या जागी खाच कापलेलं कव्हर घ्या.

किनाऱ्यावरचा फोन असेल तर बटणाच्या फटीत वाळू आणि खारा दमटपणा साचतो. वर आणि खाली एकेक बटण वेगळं दाबून बघा. आवाजाची पट्टी दर दाबाला एकेक घर सरकली पाहिजे. अडखळली किंवा आपोआप शेवटपर्यंत गेली तर बटणच अडकलंय, सेटिंग्जमध्ये कितीही फिरलात तरी उपयोग नाही.

पडवीकर:
लॉक स्क्रीनचा स्विच खरोखरच बंद होता. आता कुलूपबंद फोनवरही चालतंय. दोन शंका. डोळस माणूस फोन घेतो तेव्हा टॉकबॅक चालू असलं तर स्क्रीन सरकतच नाही, टिचकी मारली तर नुसती चौकट उमटते. आणि कधी बटणं बरोबर दाबूनही आवाज येत नाही, चौकट मात्र दिसते. ते कशामुळे?

खाडीपलीकडे:
पहिल्याचं उत्तर छोटं आहे. टॉकबॅक चालू असताना एक टिचकी म्हणजे "हे काय आहे ते सांग". उघडायचं असेल तर त्यानंतर स्क्रीनवर कुठेही लागोपाठ दोन टिचक्या. सरकवायचं असेल तर एकाऐवजी दोन बोटं. कुलूप काढायलाही दोन बोटं खालून वर. पण डोळस माणसाने हे शिकत बसण्यापेक्षा तीच दोन बटणं तीन सेकंद दाबावी, काम करावं, आणि फोन खाली ठेवताना परत दाबावी. सेटिंग्जमधून बंद केलं तरी शॉर्टकट जागेवर राहतो, त्यामुळे आजोबांचं अडत नाही. खरी भीती ही की सेटिंग्जच्या त्या पानावर गेलेला माणूस चुकून शॉर्टकटचीच ओळ बंद करून ठेवतो.

फोनची साफसफाई करणारी, रॅम मोकळी करणारी ॲप असतील तर तीही काढा. 'अँड्रॉइड ॲक्सेसिबिलिटी सूट'ला, म्हणजे ज्यात टॉकबॅक असतं त्याला, जबरदस्तीने थांबवलं की टॉकबॅक बंद पडतं. त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर 'अनरिस्ट्रिक्टेड' करून ठेवा.

हर्णै_बंदर:
दुसरी शंका माझ्याकडे द्या. चौकट दिसतेय म्हणजे टॉकबॅक चालू आहे, फक्त मुकं आहे. तेव्हा बटणं परत दाबू नका, नाहीतर चालू असलेलं बंद होईल आणि गोंधळ वाढेल.

टॉकबॅकचा आवाज हा रिंगटोन आणि गाण्यांपेक्षा वेगळा असतो, त्याला ॲक्सेसिबिलिटी व्हॉल्यूम म्हणतात. टॉकबॅक बोलत असताना व्हॉल्यूम बटण दाबलं तर तोच कमी-जास्त होतो. दोन्ही बटणं दाबायच्या धडपडीत खालचं बटण आधी लागतं, आणि दोन-चार वेळा असं झालं की आवाज कुजबुजीवर येतो. उपाय सोपा: एक बोट स्क्रीनवर सावकाश फिरवत राहायचं म्हणजे ते बोलत राहील, आणि दुसऱ्या हाताने वरचं बटण सात-आठ वेळा.

तरी गप्प असेल तर ब्लूटूथ बघा. आरतीसाठी स्पीकर जोडलेला असतो, तो पडवीत चालूच राहतो, आणि माजघरातला फोन सगळं पडवीत वाचून दाखवतो. यात गमतीपेक्षा धोका जास्त, कारण बँकेच्या मेसेजमधला ओटीपीसुद्धा तिकडेच मोठ्याने ऐकू जातो. आरती झाली की स्पीकर बंद करायची सवय लावा.

तिसरं कारण मराठी आवाजाचं. ॲक्सेसिबिलिटीमध्ये टेक्स्ट-टू-स्पीचचं, म्हणजे लिहिलेलं आवाजात वाचणाऱ्या इंजिनाचं पान आहे. तिथे गूगलचं इंजिन निवडा, त्याच्या शेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारून आवाजाचा डेटा उघडा आणि मराठी उतरवून घ्या. हे काम खळ्यात उभं राहून करा, किंवा जिथे वायफाय असेल तिथे. अर्धवट उतरला तर रेंजमध्ये बोलतो आणि माजघरात मुका होतो. झालं की विमान मोड लावा आणि त्याच पानावरचं नमुना ऐकवणारं बटण दाबा. विमान मोडमध्ये मराठी बोललं तरच काम पूर्ण. गूगलचं इंजिन अडखळत असेल तर ई-स्पीक हे दुसरं इंजिन आहे. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण ते हलकं आहे, इंटरनेट मागत नाही, आणि वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत. रोज ऐकणारे बरेच जण तेच पसंत करतात.

आणि उलटा प्रकार: फोन बोलतोय पण स्क्रीन ठार काळी. दुरुस्तीला नेऊ नका. टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन लपवायची सोय असते. ती चुकून लागते, किंवा कोणी डोकावू नये म्हणून मुद्दाम लावलेली असते. तीन बोटांनी एक टिचकी मारली की मेनू उघडतो. जुन्या फोनात एका बोटाने खाली आणि तसंच उजवीकडे, काटकोनात ओढायचं. टॉकबॅक बंद केलं तरी स्क्रीन परत दिसते.

ओली_बोटं:
पावसाळ्यात आणखी एक. मासे धुऊन किंवा नारळ खवून आल्यावर ओल्या, तेलकट बोटाने दोन टिचक्या धड लागत नाहीत, फोनला त्या एकच लांब स्पर्श वाटतात. टॉकबॅक बिघडलं म्हणून लोक बंद करतात. आधी बोट आणि काच दोन्ही सुती फडक्याने पुसा. व्हॉल्यूम बटणांना ओल्या हाताचा त्रास नाही, हाही त्यांचा फायदाच.

रत्नांग्रीकर:
मुंबईहून कोणी जुना आयफोन पाठवला तर त्यात हेच कसं? आमच्याकडे तशी चिन्हं दिसतायत.

हर्णै_बंदर:
आयफोनमध्ये टॉकबॅकच्या जागी व्हॉइसओव्हर. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, आणि पार तळाला ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकट. तिथे फक्त व्हॉइसओव्हरवर खूण करा. इथेही दोन खुणा केल्या की यादीच येते. मग बाजूचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की चालू, परत तीनदा की बंद. गोल होम बटणाचा फोन असेल तर ते होम बटण तीनदा.

म्हाताऱ्या बोटांना तीन दाब पटपट जमत नाहीत. ॲक्सेसिबिलिटीतच बाजूच्या बटणाचं पान आहे, तिथे क्लिकचा वेग सावकाश किंवा सगळ्यात सावकाश करा. तीनऐवजी घाबरून पाच-सहा वेळा दाबलं गेलं तर काही फोनांत आपत्कालीन कॉलची उलटी मोजणी सुरू होते. मोठ्याने भोंगा वाजतो आणि न थांबवल्यास ११२ ला फोन लागतो. सेटिंग्जमध्ये इमर्जन्सी एसओएसच्या पानावर पाच दाबांचा तो पर्याय असतो. तो ठेवायचा की काढायचा हे वापरणाऱ्याला विचारून ठरवा, परस्पर काढू नका. अनेक नव्या अँड्रॉइड फोनांतही पॉवरचं बटण पाचदा दाबलं की असंच होतं, म्हणून तिथे हात फक्त व्हॉल्यूमवर.

आयफोनचं मुकं होणं वेगळं असतं. तीन बोटांनी दोन टिचक्या लागल्या की बोलणं बंद होतं, व्हॉइसओव्हर मात्र चालू राहतं. परत तीन बोटांनी दोन टिचक्या मारल्या की बोलू लागतं. तीन बोटांनी तीन टिचक्या लागल्या तर स्क्रीनवर काळा पडदा, तोही तसाच परत निघतो. स्क्रीन मोठी करणारं झूमसुद्धा चालू असेल तर मात्र या टिचक्यांचा हिशोब एकेकाने वाढतो, म्हणून झूम बंदच ठेवा.

पडवीकर:
ॲक्सेसिबिलिटी व्हॉल्यूमच होता, अगदी तळाला गेलेला. विमान मोडमध्ये मराठी बोलतंय. आता प्रश्न चाकरमान्यांचा.

आंबोळी_घावणे:
फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवा: "बोलणं थांबवायचं तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद. खाली ठेवताना परत तीन सेकंद. सेटिंग्जमध्ये जाऊ नये." बॉलपेनने लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी मारा, नाहीतर भाद्रपदाच्या ओलीत चार दिवसांत अक्षर पसरतं. कव्हरवर नको, पाठीवरच. कव्हर पोरं बदलतात.