रिकव्हरी पार्टिशन डिस्कवर आहे, पण की दाबून उघडत नाही. लॅपटॉप मूळ स्थितीत कसा आणायचा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. विंडोज ७ सोबत आलेला लॅपटॉप आहे, ५०० जीबीची हार्ड डिस्क. नंतर सी ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर विंडोज १० टाकलेलं आहे. आता एका जुन्या स्कॅनरसाठी विंडोज ७ परत हवंय, शक्यतो कंपनीच्या सगळ्या ड्रायव्हरसकट.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये अगदी सुरुवातीला १३ जीबीचं पार्टिशन दिसतं, म्हणजे डिस्कचा तो वेगळा भाग जिथे कंपनी मूळ विंडोजची प्रत ठेवते. त्याला ड्राइव्हचं अक्षर नाही आणि पुढे '१०० टक्के मोकळं' असं लिहिलेलं आहे. मॅन्युअलमध्ये दिलेली की सुरू होताना दाबली तर सरळ विंडोज १० उघडतं. पार्टिशन खरंच रिकामं झालंय का? नसेल तर ते चालू कसं करायचं? आणि डी ड्राइव्हवरचा डेटा राहील का?

उत्तर १

'१०० टक्के मोकळं' या आकड्यावर जाऊ नका. लपवलेल्या पार्टिशनची फाइल सिस्टिम विंडोज वाचतच नाही, त्यामुळे आत काहीही असलं तरी डिस्क मॅनेजमेंट तेच दाखवतं. हे वाचून लोक चांगलं पार्टिशन उडवतात, आणि उडवून फायदाही होत नाही. तुमचं पार्टिशन सी च्या डावीकडे आहे, आणि डिस्क मॅनेजमेंट सी ला फक्त लगतच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत वाढवू देतं. म्हणजे ते १३ जीबी नुसतेच पडून राहतील.

की चालत नाही याचा अर्थही इमेज (मूळ विंडोजची साठवलेली प्रत) गेली असा होत नाही. की ही दाराची बेल आहे. बेल बंद पडली म्हणून घरात कोणी नाही असं नसतं. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये ती की ओळखणारा कोड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये असायचा. नवं विंडोज किंवा लिनक्सचं ग्रब (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) बसवताना तो पुसला जातो.

आधी आत काय आहे ते बघा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून डिस्कपार्ट (पार्टिशन हाताळायचं विंडोजचं साधन) चालवा. मग क्रमाने: सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन १, डिटेल पार्टिशन (सगळं अर्थात इंग्रजीत टाइप करायचं). शेवटच्या कमांडने 'टाइप' पुढे एक क्रमांक येईल, बहुधा २७, काही जुन्या मशिनवर १२. तो कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर 'सेट आयडी=०७ ओव्हरराइड' आणि 'असाइन लेटर=आर'. आता आर ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये उघडेल. आत विम किंवा एसडब्ल्यूएम प्रकारच्या (विंडोजची इमेज अशा फाइलींत ठेवतात), काही जीबींच्या फाइली दिसल्या तर इमेज शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे.

उत्तर २

कीबद्दल थोडं. मॅन्युअल चुकीच्या मॉडेलचं असू शकतं, म्हणून हेही करून बघा: एचपी एफ११, एसर ऑल्ट आणि एफ१०, आसुस एफ९, सॅमसंग एफ४, तोशिबाला शून्य दाबून ठेवून पॉवर बटण, लेनोवोच्या आयडियापॅडला कडेचं बारीक नोवो बटण. एसरमध्ये बायोसमधलं (विंडोजच्या आधी उघडणारं लॅपटॉपचं सेटिंग) 'डी२डी रिकव्हरी' चालू नसेल तर की कितीही दाबा, उपयोग नाही.

डी ड्राइव्हचं उत्तर: राहील असं धरून चालू नका. काही कंपन्यांचं रिकव्हरी फक्त सी पुसतं, काहींचं पूर्ण डिस्क कारखान्यातल्या मांडणीवर नेतं. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि रिकव्हरी चालवताना ती डिस्क काढून ठेवा.

प्रश्नकर्ता

आभार. टाइप २७ आहे. आर ड्राइव्हमध्ये बूट नावाचं फोल्डर, बूटएमजीआर नावाची फाइल आणि एसडब्ल्यूएमच्या चार फाइली आहेत. आता पुढे?

उत्तर १

उत्तम. पण अजून घाई नको. रिकव्हरी आधी सी फॉरमॅट करतं आणि मग इमेज उलगडतं. म्हणजे तिसऱ्या फाइलमध्ये एखादा सेक्टर खराब असेल तर ते अर्ध्या वाटेवर कळतं, आणि तेव्हा हातात विंडोज १० पण नसतं आणि ७ पण नसतं. म्हणून ७-झिपमध्ये पहिली एसडब्ल्यूएम फाइल निवडून 'टेस्ट' चालवा, चारही फाइली तपासल्या जातील. मग क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने अख्ख्या पार्टिशनची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसत्या फाइली कॉपी करणार असाल तर ती डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आता सुरू करणं. विंडोज १० ची इन्स्टॉल पेनड्राइव्ह आधी बनवून जवळ ठेवा, तीच परतीची वाट. डिस्कपार्टमध्ये सध्या कोणतं पार्टिशन (लॅपटॉप ज्यावरून सुरू होतो ते) अ‍ॅक्टिव्ह आहे तेही लिहून घ्या. मग पार्टिशन १ निवडून 'रिमूव्ह लेटर=आर', 'सेट आयडी=२७ ओव्हरराइड' आणि शेवटी 'अ‍ॅक्टिव्ह'. क्रमांक परत २७ करायचा, कारण कंपनीची काही साधनं आपलं पार्टिशन त्या क्रमांकावरूनच शोधतात. सिस्टिम सुरू करणारी बूटएमजीआर फाइल आत असल्यामुळे रीस्टार्ट केल्यावर लॅपटॉप थेट रिकव्हरीत उघडायला हवा.

नाही उघडला, नुसता काळा पडदा आला, तर पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट आणि एफ१० ने कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि जुनं पार्टिशन पुन्हा अ‍ॅक्टिव्ह करा. विंडोज १० जसंच्या तसं परत येईल. हे सगळं एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कपुरतंच आहे. जीपीटी या नव्या मांडणीच्या डिस्कवर 'अ‍ॅक्टिव्ह' हा प्रकारच नसतो.

चार्जर लावलेलाच ठेवा. मध्ये बऱ्याचदा रीस्टार्ट होतं आणि पडदा बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबतो. तेव्हा पॉवर बटण दाबायचं नाही.

उत्तर ३

वरचं सगळं बरोबर आहे, पण डिस्क इतकी जुनी असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब म्हणून बदललेले भाग) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) बघा. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर रिकव्हरी चालवूच नये. पूर्ण डिस्क एसएसडीवर क्लोन करा आणि रिकव्हरी तिथे चालवा. फक्त ते एक पार्टिशन नेऊ नका. बरीच साधनं पार्टिशनचा क्रम तपासतात, आणि मूळपेक्षा लहान डिस्क दिसली की अडतात.

अ‍ॅक्टिव्हेशनची चिंता नको. कंपनीची इमेज बायोसमधल्या नोंदीवरून इंटरनेटशिवाय अ‍ॅक्टिव्हेट होते, लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की टाकावी लागत नाही.

इंटरनेट मात्र जोडू नका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. अपडेट करायचेच असतील तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाइली आणून आधी सर्व्हिस पॅक १, मग केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ टाका. या दोन्ही नसतील तर नंतरचे अपडेट घेतले जात नाहीत, कारण त्यांची डिजिटल सही एसएचए-२ या नव्या पद्धतीची असते आणि जुन्या इमेजला ती ओळखता येत नाही.

उत्तर २

धागा शोधत येणाऱ्या नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी: विंडोज १० किंवा ११ मध्ये साधारण अर्धा ते एक जीबीचं जे रिकव्हरी पार्टिशन दिसतं, त्यात कारखान्याची इमेज नसते, फक्त दुरुस्तीची साधनं असतात. तिथे शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, रीसेट धिस पीसी हाच रस्ता. हा पर्याय 'रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट सापडत नाही' म्हणाला तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी /इन्फो' ने स्थिती बघा आणि बंद असेल तर 'रीएजंटसी /एनेबल' द्या. आणि बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून उतरवून घ्या. मध्येच ती मागितली आणि हाताशी नसली, तर त्या ड्राइव्हवरचा डेटा वाचवता येत नाही.